वाजवी दराचा दाखला

सरकारी कचेरीत कारकुनी करताना एक दाखला मी इतक्या वेळा टाइप केला आहे, की झोपेतून उठवून विचारलंत तरी म्हणून दाखवीन. कोटेशन न मागवता किरकोळ खरेदी केली, की तो बिलासोबत जोडावा लागतो. माल योग्य प्रतीचा आहे, विश्वासू पुरवठादाराकडून घेतला आहे, दर वाजवी आहे, आणि या सगळ्याबद्दल माझी स्वतःची खात्री पटली आहे, असा त्याचा मथितार्थ. जनरल फायनान्शियल रूल्स, 2017 मधला नियम 154. टायपिंग आमचं, सही साहेबांची.

आता 'वाजवी' म्हणजे काय, हे इतक्या वर्षांत साहेबांनी मला कधी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. ती वेळ आली गेल्या ऑक्टोबरात. तीही कचेरीत नव्हे, गाडीच्या पायी.

आमची गाडी 2013ची. पेट्रोलवरची लहान गाडी, चौघांना पुरते, पाचव्याला जरा आखडून बसावं लागतं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण गोष्ट कंपनीची नाही. डिचोलीहून पणजीला रोज गाडी नेणं कारकुनाला परवडत नाही, म्हणून एरव्ही बस. पण पावसाळ्यात, आजारपणात, लग्नकार्यात आणि चवथीच्या बाजाराला गाडीच लागते. असं करत करत काटा 1 लाख 12 हजारांवर गेलेला.

यंदा पाऊस सरला आणि गाडीने दोन नवीन आवाज सुरू केले. खड्ड्यातून गेली, की पुढून डाव्या बाजूने 'खट खट'. आणि सकाळी पहिल्यांदा ब्रेक दाबला, की 'कर्रर्र'. पहिल्या आवाजाने बायको बेचैन, दुसऱ्याने शेजारी. दिवाळीच्या आधी काय ते करून टाकूया म्हणून एका शनिवारी गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर नेली.

तिथला थाट तुम्हाला ठाऊक आहेच. थंडगार खोली, कॉफीचं यंत्र, मधे मोठी काच. काचेपलीकडे गाडी, अलीकडे आपण. इस्पितळात ऑपरेशन थिएटरबाहेर बसल्यासारखं वाटतं. तासाभराने एक तरतरीत मुलगा हातात टॅब घेऊन आला. 'सर' म्हणाला, अदबीने बसला आणि एस्टिमेट पुढे ठेवलं. 34,600 रुपये!

मी बघतच राहिलो. पुढचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर आणि दोन्ही लोअर आर्म मिळून 11,200. ब्रेकच्या दोन्ही डिस्क आणि पॅड 6,700. ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल वगैरे नेहमीची सर्व्हिस 3,200. इंजिन फ्लश, थ्रॉटलची सफाई आणि एसीचं निर्जंतुकीकरण 3,700. गाडीच्या पोटाला गंज लागू नये म्हणून कोटिंग 3,500. अलाइनमेंट-बॅलन्सिंग 900. आणि या सगळ्याची मजुरी, करासकट, 5,400.

"सर, सेफ्टीचा प्रश्न आहे," तो मुलगा म्हणाला.

या वाक्यापुढे माणूस गप्पच होतो. गाडीत बायको-मुलगी बसतात. उद्या काही झालं तर पैसे वाचवले म्हणून आयुष्यभर बोच राहील. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण होतं. कागद छापील होता. वर बोधचिन्ह, प्रत्येक ओळीला नंबर, खाली शिक्क्याची जागा. कारकुनाला आणखी काय हवं? माझा हात पेनाकडे गेलासुद्धा. पण त्याच महिन्यात मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. म्हटलं, निदान घरी विचारून घेऊ. "उद्या सांगतो," म्हणालो आणि कागद घेऊन निघालो.

घरी बायकोने एस्टिमेट वरपासून खालपर्यंत वाचलं आणि एकच विचारलं, "पण ती खटखट कसली होती, ते सांगितलं का त्यांनी?"

मी पुन्हा वाचलं. तेरा-चौदा ओळी होत्या. औषधं सगळी होती, पण आजाराचं नाव कुठेच नव्हतं.

त्या रात्री मी गाडीच्या खणातलं मॅन्युअल बाहेर काढलं. बारा वर्षं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत जसंच्या तसं होतं! मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला ते वाचणं जड जाईल अशी माझी समजूत. पण मागच्या पानांवर चक्क एक तक्ता होता. अमुक किलोमीटर किंवा अमुक महिने, जे आधी होईल ते. काय तपासायचं आणि काय बदलायचं. तपासणं वेगळं, बदलणं वेगळं, अशी दोन वेगळी अक्षरं प्रत्येक रकान्यात. तक्ते वाचण्यात तर माझा जन्म गेला. मी लाल पेन घेऊन बसलो आणि एस्टिमेटच्या प्रत्येक ओळीपुढे खूण करायला लागलो.

इंजिन ऑइल आणि फिल्टर: तक्त्यात आहे, मुदत भरली आहे. ब्रेक ऑइल: ठराविक वर्षांनी बदलायचं आहे. आपण शेवटचं कधी बदललं ते आठवतही नाही. ब्रेक पॅड, डिस्क, शॉक ॲब्सॉर्बर, लोअर आर्म: यांच्यापुढे फक्त 'तपासा'. इंजिन फ्लश आणि निर्जंतुकीकरण यांचं तर तक्त्यात नावच नाही.

म्हणजे कागदावरच तीन ढीग पडले. एक, मुदत भरली म्हणून करायचंच. दोन, झिजलं असेल तरच करायचं, आणि झिजलंय हे डोळ्यांनी बघायचं. तीन, ऐच्छिक. माझ्या 34,600 पैकी पहिल्या ढिगात निघाले जेमतेम 3,200.

आता कारकुनाचा पुढचा धर्म म्हणजे तीन कोटेशनं. म्हापशात ओळखीच्याच्या ओळखीचं एक गॅरेज आहे, तिथे फोन लावला. यादी वाचून दाखवली. तो म्हणाला, "22 हजारांत सगळं करून देतो." गाडी न बघता! मला क्षणभर आनंद झाला. सरळ 12,600 वाचले. मग विचारलं, शॉक ॲब्सॉर्बर कंपनीचेच ना? तर म्हणाला, "तसलेच असतात हो, चालतात." कंपनीच्या मालाचा एक दर आणि 'तसल्या' मालाचा दुसरा दर एकाच तक्त्यात शेजारी लिहिले, तर आमचा अकाउंटंट फाइल माझ्या अंगावर फेकील. स्पेसिफिकेशन एक नसेल तर तुलना कसली? शिवाय लागणारच नसलेली वस्तू स्वस्तात मिळाली, म्हणजे काय वाचलं?

राहिलं तिसरं कोटेशन. ते कुणाकडून घ्यावं हे मला ठाऊक होतं. आणि तिथेच जायला पाय उचलत नव्हता.

साखळीच्या वाटेवर एका मेस्ताचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रे, बाजूला आंब्याचं झाड. गाडी घेतल्यापासून मी त्याच्याकडेच जायचो. 2018 साली गाडीचा क्लच गेला. मेस्ताने वहीच्या कागदावर हिशेब लिहून 7,200 रुपये मागितले. दोनच दिवसांनी आमच्या शेजाऱ्याने, तशाच गाडीचा क्लच साडेपाच हजारांत करून आणल्याचं सांगितलं. माझं डोकं फिरलं. तडक गॅरेजवर गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने म्हणालो, "मेस्ता, म्हापशात साडेपाचला होतं हे! आम्हाला काय समजत नाही?" मेस्त काही बोलला नाही. हात पुसले, खिशातून पाचशेची नोट काढून माझ्या हातात ठेवली आणि परत गाडीखाली गेला. मी ती नोट घेतली. त्यानंतर मी तिथे कधी गेलो नाही. ती वाट सोडून मी काचेपलीकडच्या वाटेला लागलो.

रविवारी सकाळी गाडी घेऊन गेलो. मेस्त आता साठीचा झालाय, केस पांढरे. माझ्याकडे बघून म्हणाला, "कितें भाऊ, वाट चुकले?" बस्स, एवढंच. मी कागद पुढे केला. त्याने तो हातात घेतलाच नाही. म्हणाला, आधी गाडी बघूया.

जॅक लावून त्याने पुढचं डावं चाक काढलं. आत चार महिन्यांचा तांबडा चिखल साचून विटेसारखा झालेला. तो खरवडला, लोअर आर्मच्या फटीत लोखंडी पट्टी घातली आणि हलवली. खट खट! "आवाज हांगाचो." मला खाली वाकायला लावून टॉर्च मारला. लोखंडात बसवलेलं रबरी बुश उभं फाटलेलं, त्यात बोटाचं टोक जाईल एवढी फट. आर्म मात्र ठणठणीत, कुठे वाकलेला नाही, गंजलेला नाही. आर्म न बदलता दाब देऊन नुसतं बुश नवीन बसवता येतं, हे मला तिथे कळलं. उजव्याचंही तडकायला लागलं होतं. दोन्ही बाजूंचं एकदमच करावं, म्हणाला.

मग शॉक ॲब्सॉर्बर. त्याच्या दांड्यावरून त्याने माझंच बोट फिरवलं. धूळ कोरडी होती. आतलं तेल झिरपायला लागलं, की तिथे तेलकट काळा चिखल जमतो. मग चाक लावून, गाडी खाली उतरवून बॉनेटचा कोपरा जोराने दाबून सोडला. गाडी वर आली आणि तिथेच स्थिरावली, डोलत राहिली नाही. "हें आतां बदलपाची गरज ना."

ब्रेकचे पॅड मात्र खरंच संपत आले होते. नवा पॅड साधारण 10 मिलिमीटरचा, माझा जेमतेम 3 उरलेला. डिस्कची जाडी त्याने व्हर्नियर लावून मोजून दाखवली, अजून पुरेशी होती. सकाळची 'कर्रर्र' म्हणजे रात्रीच्या दमट हवेत डिस्कवर चढलेला पातळ गंज. दोन-चार ब्रेक मारले, की तो घासून जातो. आमच्या कोकणपट्टीत, त्यातही पावसाळ्यात, हे रोजचंच. त्याच दमट हवेमुळे ब्रेक ऑइलकडे मात्र लक्ष द्यायला हवं, असं तो म्हणाला. ते तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी मिसळलं, की ते लवकर उकळतं आणि घाट उतरताना ऐन वेळी ब्रेक मऊ पडतो. एस्टिमेट कापताना 'हे किरकोळ दिसतंय, पुढच्या वर्षी बघू' म्हणून याच ओळीवर मी मनात काट मारली होती!

पोटाच्या कोटिंगबद्दल विचारलं तर हसला. म्हणाला, आधी खालून दाबाने पाणी मारून हा चिखल काढा. ओला चिखल धरून राहतो तिथेच पत्रा कुजतो. चिखलावर कोटिंग मारलं तर गंज आत झाकला जाईल. धुऊन, सुकवून मग जिथे रंग उडालाय तेवढंच करू.

आणि मग त्याने ती गोष्ट सांगितली, जी एस्टिमेटमध्ये नव्हती आणि मला ऐकायचीही नव्हती. मागचे दोन टायर. नक्षी बरीच शिल्लक होती, त्यामुळे मी निर्धास्त. त्याने टायरच्या बाजूवरचा चार आकडी नंबर वाचायला लावला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर होतं 3116. म्हणजे 2016 सालातला एकतिसावा आठवडा. टायर हवेत वाकवल्यासारखा दाबला तर बाजूला केसासारख्या भेगा. "लेक चलयता मरे हे गाडयेर?" त्याने विचारलं. मुलगी त्याच वर्षी गाडी शिकली होती. मी मान हलवली. "तर हे आज बदलात." टायर तो विकत नाही. त्यात त्याला एक पैसा मिळणार नव्हता.

त्याचं कोटेशन असं झालं. बुश 1,100, पॅड 1,900, ऑइल-फिल्टर-ब्रेक ऑइल 2,900, मजुरी 2,400. एकूण 8,300. बाहेर अलाइनमेंटचे 900 आणि दोन टायरचे 7,800 धरून सगळे मिळून 17,000. पुन्हा वहीच्याच कागदावर. शिक्का नाही, लोगो नाही.

गाडी त्याच्याकडे ठेवून बसने घरी आलो आणि जुनी फाइल काढली. कारकून कुठलाच कागद फेकत नाही. 2018 चा वहीचा कागद सापडला. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, तिन्ही कंपनीचं, आणि मजुरी. शेजाऱ्याला जाऊन विचारलं, तुम्ही तेव्हा काय काय बदललं होतं? म्हणाला, "नुसती प्लेट. दीड वर्षात बेअरिंग ओरडायला लागलं. परत गिअरबॉक्स उतरवावा लागला, परत मजुरी!" माझ्या क्लचला सात वर्षं झाली. अजून चालतोय.

म्हणजे जी चूक मी म्हापशाच्या फोनवर पकडली, तीच मी स्वतः 2018 साली केली होती. तिघांचा दर एकाच्या दराशी ताडला होता. आणि तेही कागद न वाचता, चारचौघांत.

मी अधिकृत सर्व्हिस सेंटरला चोर म्हणत नाही. पॅड आणि ब्रेक ऑइल त्यांनी बरोबरच सांगितलं होतं. गाडी वॉरंटीत असेल, तर तिथेच जावं आणि नोंदी ठेवाव्यात. तो मुलगाही वाईट नव्हता. पण काचेमुळे मला गाडी दिसली नाही, आणि मी 'दाखवा' म्हणालो नाही, हा माझा दोष. मेस्तांमध्येही डब्यात भलताच माल घालणारे असतात. म्हणून सुटा भाग सीलबंद डब्यातून आपल्यासमोर काढायला सांगावा, त्यावरची छापील किंमत वाचावी. त्या किमतीत सगळे कर धरलेले असतात. तिच्यावर आणखी कर लावला तर विचारावं. आणि काढलेला जुना भाग परत मागावा. भंगारासाठी नव्हे, बघण्यासाठी.

कंपनीचे सुटे भाग मेस्ताला मिळतात की नाही, हाही एक प्रश्नच आहे. 2014 साली भारतीय स्पर्धा आयोगाने देशातल्या 14 मोटार कंपन्यांना याच कारणावरून दंड ठोठावला होता, की त्या सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना सहजी मिळू देत नाहीत. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण चार खांबांच्या गॅरेजला आणि काचेच्या गॅरेजला एकाच तराजूत तोलताना एका पारड्यात आधीच वजन असतं, एवढं त्यातून मला समजलं.

मंगळवारी संध्याकाळी गाडी आणायला गेलो. फाटकी बुशं आणि झिजलेले पॅड एका वर्तमानपत्रात गुंडाळून पुढच्या सीटवर ठेवलेले. न मागता. मी 8,300 मोजून दिले. मग तो जुना कागद बॉनेटवर ठेवला आणि म्हणालो, "मेस्ता, त्या वेळी माझंच चुकलं."

त्याने चष्मा लावला, स्वतःचं अक्षर वाचलं. "अक्षर बरें आसलें तेन्ना," एवढंच म्हणाला.

मी पाचशेची नोट पुढे केली. तो नको म्हणेल, मी आग्रह करीन, मग दोघं हसू, असं काहीसं मी बसमध्ये ठरवून आलो होतो. पण त्याने नोट घेतली, खिशात घातली आणि पाना उचलून दुसऱ्या गाडीखाली गेला. घरी येताना विचार केला, घेतली तेच बरं झालं. नको म्हणाला असता तर माझ्यावर उपकार झाला असता. ते त्याचेच पैसे होते, त्याला परत मिळाले. मोठ्याने बोललो होतो ते मात्र परत घ्यायची सोय कुठल्या नियमात नाही.

परवा कचेरीत प्रिंटर दुरुस्तीचं बिल आलं. रोलर बदलल्याचे 1,850 रुपये. मी सवयीने दाखला टाइप करायला घेतला आणि 'वाजवी' या शब्दापाशी थांबलो. दुरुस्तीवाला समोरच उभा होता. त्याला म्हटलं, "जुना रोलर आहे का हो? जरा दाखवता?"

त्याने बॅगेतून काढून टेबलावर ठेवला. पार गुळगुळीत झालेला. मग मी दाखला पुरा केला.